खालच्या पट्टीतले नाव

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका नव्या कॅफेत मैत्रिणीची वाट पाहत बसले असताना समोरच्या भिंतीवरच्या एका चित्राकडे माझे लक्ष गेले आणि हातातला कप तसाच ठेवून मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले. अडीच-तीन फूट उंचीच्या काळ्या चौकटीत एक देखणा तरुण उभा होता. अंगासरशी बसलेला लांब कोट, एका डोळ्यावर भिंग, हातात काठी, डोक्यावर उंच रेशमी हॅट आणि ओठांवर स्वतःवर बेहद्द खूश असलेल्या माणसाचे हसू. चित्राला मुद्दाम तपकिरी छटा दिलेली होती आणि कडांना जळाल्यासारखे डाग पाडलेले होते. शेजारी पिसांच्या टोप्या घातलेल्या दोन स्त्रिया, त्यांच्या पलीकडे लांबच लांब बूट घातलेला एक ठेंगू माणूस. चित्रे कोणाची आहेत, असे मी काउंटरवरच्या मुलाला विचारले. “विंटेज आहेत, मॅडम. लंडनच्या जुन्या थिएटरची. सहाचा सेट येतो,” असे त्याने अगदी अगत्याने सांगितले. त्याला याहून अधिक ठाऊक असण्याचे कारण नव्हते, कारण चित्रांवर कुठेही एक अक्षरही नव्हते.

परंतु तो तरुण, तरुण नव्हता. ती व्हेस्टा टिली होती.

तिचे मूळ नाव मटिल्डा ॲलिस पाउल्स. १८६४ साली इंग्लंडमधल्या वूस्टर गावी ती जन्मली, वडील स्वतः रंगमंचावरचे, त्यामुळे चालता-बोलता येऊ लागले तशी ती रंगमंचावर उभी राहिली, आणि सहा-सात वर्षांची असल्यापासून पुरुषांचे कपडे घालून गाऊ लागली. पुढची पन्नास वर्षे तिने इंग्रज पुरुषाची सोंगे काढली : उसने अवसान आणून साहेबी थाट मिरवणारा कारकून, सुट्टीवर आलेला शिपाई, बापाच्या पैशावर रात्री जागवणारा छैला. तिचे कपडे बिनचूक असत, चालणे बिनचूक असे, पण आवाज मात्र तिने कधी पुरुषी केला नाही. पुरुषाच्या देहबोलीतून स्त्रीचा स्वच्छ, उंच आवाज येत असे, आणि त्या दोहोंमधल्या फटीतच तिची सगळी कला होती. समोर बसलेल्या पुरुषांना त्या फटीतून आपले स्वतःचे हसे झालेले दिसत असे आणि ते टाळ्या वाजवत असत.

कॅफेतले चित्र मुळात तिच्या एका जुन्या पोस्टकार्डावरून मोठे केलेले होते. पण पोस्टकार्डावर हा आवाज कुठून येणार? म्हणून तिथे त्याचे काम एका शब्दाने केलेले असे. चित्राखाली बारीक पांढरी पट्टी आणि त्या पट्टीत छापलेले नाव : ‘मिस व्हेस्टा टिली’. वर हॅट, काठी, कोट असा नखशिखान्त पुरुष आणि खाली ‘मिस’. पाहणाऱ्याची नजर वरून खाली येते, त्या ‘मिस’वर अडखळते आणि पुन्हा वर जाते. त्या कार्डाची सगळी गंमत नजरेच्या या एका फेरीत आहे. कॅफेतल्या चित्रात नेमकी तीच पट्टी कापून टाकलेली होती. उरला होता तो एक अनोळखी, सुवेष, जुन्या काळचा गोरा माणूस.

हे मला एवढे लागले, कारण तिचेच एक कार्ड माझ्या घरी होते. नोकरीनिमित्त चार वर्षे लंडनला, हॅकनी भागात राहत असताना शनिवारच्या एका जुन्या बाजारात ते मी काही पौंडांना घेतले होते. खोक्यात शेकडो कार्डे उभी लावून ठेवलेली, मधूनमधून पुठ्ठ्याचे विभाग, आणि विकणारे वृद्ध गृहस्थ कार्ड हाताळणाऱ्याच्या बोटांकडे लक्ष ठेवून बसलेले. ते कार्ड मी घेतले ते खरे तर पुढच्या बाजूसाठी नव्हे, मागच्या बाजूसाठी. मागे सातव्या एडवर्डचे अर्ध्या पेनीचे हिरवे तिकीट आहे, १९०६ सालचा लीड्सचा शिक्का आहे आणि पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी आहेत. लिहिणारी व्यक्ती संध्याकाळच्या गाडीने पोहोचणार आहे आणि चहाचे आधण ठेवायला सांगते आहे. व्हेस्टा टिलीचा उल्लेख नाही, नाटकाचा नाही, गाण्याचा नाही. त्या काळात ब्रिटनमध्ये शहरातल्या शहरात टपाल दिवसातून अनेक वेळा वाटले जाई. सकाळी टाकलेले कार्ड दुपारी पोहोचे, त्यामुळे आज आपण फोनवर जो निरोप धाडतो तो तेव्हा कार्डावर जाई. देशातल्या सर्वांत लोकप्रिय नट्यांपैकी एक चहाच्या आधणाचा निरोप घेऊन दारात येत होती, यात कोणालाच काही विशेष वाटत नव्हते.

टिली म्युझिक हॉलची कलावंत होती. म्युझिक हॉल म्हणजे काय, हे मराठी वाचकाला एका शब्दात सांगणे अवघड आहे. आपल्या संगीत नाटकाशी त्याचे नाते लावता येत नाही, कारण तिथे सलग कथानक नसे. तमाशातली बतावणी आणि लावणी आठवावी तर थोडे जवळ जाता येते, पण तेही पुरते जुळत नाही. मुळात ती दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या खोलीतली गाणी. १८५२ साली चार्ल्स मॉर्टन नावाच्या गुत्तेदाराने लंडनच्या लॅम्बेथ भागात आपल्या गुत्त्याला जोडून ‘कँटरबरी हॉल’ नावाचे मोठे दालन बांधले आणि तिथून या प्रकाराला स्वतःची घरे मिळू लागली. लोक टेबलांशी बसून खात-पीत, एक अध्यक्ष हातोडी आपटून पुढच्या कलावंताचे नाव पुकारी, मग तो कलावंत येऊन गाई, नाचे, नकला करी, आणि ध्रुवपद आले की सगळे सभागृह त्याच्याबरोबर गाई. एका कलावंताच्या वाट्याला थोडाच वेळ येई, आणि तो संपला की नावाजलेले कलावंत घोडागाडीत बसून दुसऱ्या हॉलकडे धावत. एका रात्रीत तीन-चार हॉल करणे ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट होती. पुकारलेले नाव हेच त्यांचे भांडवल होते. नाटकातल्या नटाच्या मागे नाटककार असतो, भूमिका असते, कंपनी असते. म्युझिक हॉलच्या कलावंताजवळ त्याचे नाव, त्याची दोन-तीन गाणी आणि अंगावरचा वेष यांपलीकडे काही नसे.

यांपैकी फार थोडी सभागृहे आज उरली आहेत. मी राहत होते तिथून जवळच १९०१ साली फ्रँक मॅचम या वास्तुरचनाकाराने बांधलेले ‘हॅकनी एम्पायर’ अजून चालू आहे, पण मला अधिक ओढ होती ती व्हाइटचॅपलजवळच्या ‘विल्टन्स’ची. ग्रेसेस ॲली नावाच्या एका बोळात, बाहेरून कळूही नये असे ते सभागृह आहे. जॉन विल्टन याने १८५९ साली ते उघडले. सज्जाला आधार देणारे लोखंडी खांब पिळाच्या साखरकांडीसारखे वळवलेले आहेत. म्युझिक हॉल म्हणून ते फार वर्षे चालले नाही. १८८८ पासून १९५६ पर्यंत तिथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मिशन होते, १८८९ च्या गोदी कामगारांच्या मोठ्या संपात तिथे संपकऱ्यांना जेवण दिले जाई, आणि १९६० च्या दशकात ते पाडायचे ठरले तेव्हा कवी जॉन बेट्जमन आणि इतरांनी आवाज उठवल्यामुळे वाचले. भिंतींचे पोपडे तसेच ठेवले आहेत, रंग वरवर चढवलेला नाही. जीर्णोद्धार करताना जे झिजले आहे ते झिजलेलेच दिसू द्यायचे, पण ढासळू द्यायचे नाही, हा त्यांचा बाणा आहे. जुन्या वस्तूशी कसे वागावे याचा माझा पहिला धडा तोच, आणि कॅफेतल्या चित्राच्या खोट्या जळक्या कडा पाहून मला विल्टन्सच्या भिंती आठवल्या.

पोस्टकार्डांचा काळही हाच. ब्रिटनमध्ये साधे, चित्र नसलेले पोस्टकार्ड १८७० साली आले आणि खासगी छापखान्यांना चित्रकार्डे काढण्याची परवानगी मिळाली ती १८९४ मध्ये. तरीही मागच्या बाजूवर फक्त पत्ता लिहायचा असा नियम होता, म्हणून निरोप चित्राच्याच बाजूला, उरलेल्या कोऱ्या जागेत कोंबावा लागे. १९०२ साली मागची बाजू उभ्या रेघेने दुभागण्याची मुभा मिळाली : डावीकडे निरोप, उजवीकडे पत्ता. पुढची बाजू पूर्ण मोकळी झाली आणि त्या साडेपाच बाय साडेतीन इंचांवर नट-नट्यांनी ताबा मिळवला. रोटरी फोटोग्राफिक, बीगल्स, फिलको, राफाएल टक अशा कंपन्यांनी त्यांची कार्डे अमाप काढली. १९०९ च्या सुमारास ब्रिटिश टपाल खात्यातून वर्षाला ऐंशी कोटींहून अधिक पोस्टकार्डे जात होती. एक-दोन पेन्स कार्डाला आणि अर्धी पेनी तिकिटाला. गिरणीतली पोरगीसुद्धा आल्बम भरू शकत असे. घरी रेडिओ नव्हता, ग्रामोफोन बहुतेकांना परवडणारा नव्हता. गाणे हॉलमध्ये ऐकायचे आणि गाणारीचा चेहरा कार्डावर घरी आणायचा, अशी ती वाटणी होती. १९१८ मध्ये कार्डाचे टपाल एक पेनी झाले, युद्धाने माणसे आणि सवयी दोन्ही बदलल्या, सिनेमा वाढला, आणि कार्डांचा पूर ओसरला. हॉलच्या राण्यांपैकी सर्वांत लाडकी मारी लॉइड ७ ऑक्टोबर १९२२ रोजी वारली आणि त्याच महिन्यात बीबीसीची स्थापना झाली. तिच्या अंत्ययात्रेला पन्नास हजारांच्या आसपास लोक लोटले होते, त्यांतल्या कितीजणांच्या घरी तिचे कार्ड असेल याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

कॅफेतून परतल्यावर मी ठरवले की माझ्या कार्डाचे मोठे चित्र मीच करून घ्यायचे. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात गेले. मालकांचे केस पांढरे झालेले, डोळ्यांत मात्र छपाईच्या माणसाची ती विशिष्ट धार. “काका, याचं मोठं करायचं आहे,” असे म्हणून मी कार्ड पुढे केले. त्यांनी खणातून भिंग काढले, कार्डाच्या चेहऱ्यावर टेकवले, डोळा लावला आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “ताई, याला स्क्रीन नाही. हे छापलेलं नाहीच. हा फोटो आहे.”

ते अगदी खरे होते. वर्तमानपत्रातले किंवा स्वस्त कार्डावरचे चित्र भिंगाखाली पाहिले तर लहान-मोठ्या टिपक्यांच्या जाळीचे, म्हणजेच स्क्रीनचे, बनलेले दिसते. ते टिपके चौपट मोठे केले की चेहऱ्याच्या जागी चाळणी उरते, आणि स्कॅन करताना जाळीवर जाळी पडून लाटांसारखे पट्टे उमटतात ते वेगळेच. पण रोटरी कंपनीची कार्डे खऱ्या ब्रोमाइड कागदावरची छायाचित्रे असत. कागदाची लांबच लांब गुंडाळी यंत्रातून फिरत असे, मूळ काचेच्या निगेटिव्हवरून एकामागून एक ठसे घेतले जात, आणि मग कापून कार्डे होत. कंपनीच्या नावातली ‘रोटरी’ ती हीच. त्यामुळे त्या लहानशा कार्डात दिसते त्याहून पुष्कळ अधिक साठवलेले असते. काकांनी बाराशे डीपीआयवर, म्हणजे इंचाला बाराशे बिंदू या हिशेबाने, स्कॅन घेतला. साडेपाच इंचांचे सहा हजार सहाशे बिंदू झाले, म्हणजे छपाईच्या इंचाला तीनशे बिंदूंच्या हिशेबाने बावीस बाय चौदा इंचांचे चित्र कुठेही न ताणता निघणार होते. फक्त गडद भागांवर, विशेषतः कडांना, निळसर चकाकी आली होती. जुन्या ब्रोमाइडमधली चांदी काळाच्या ओघात पृष्ठभागावर येते, आणि स्कॅनरच्या दिव्यात ती धुक्यासारखी दिसते. मग त्यांनी दिव्यांवर आणि लेन्सवर ध्रुवण-गाळण्या, म्हणजे चकाकी अडवणारे पोलरायझर, लावून कॅमेऱ्याने पुन्हा टिपले तेव्हा ते धुके बऱ्याच अंशी गेले.

पडद्यावर चित्र मोठे होत गेले तसतशी मला ती बाई नव्याने दिसू लागली. कानशिलाजवळ टोपाची कड दिसली. केस न कापता त्यांच्या घट्ट वेण्या घालून ती टोपाखाली दडवत असे. कमरेजवळ काचेवर पेन्सिलीने केलेली डागडुजी दिसली, म्हणजे स्टुडिओतल्या कोणी तरी तिची कंबर जरा सारखी केली होती. पाठीमागचा बगिचा कापडावर रंगवलेला होता आणि त्या कापडाला आडवा जोड होता. उजव्या हाताच्या करंगळीची तेवढी पकड सैल, बाकीचा हात काठीवर घट्ट. पोस्टकार्डाच्या आकारात यांतले काहीच दिसत नाही. मोठे करण्याला माझा विरोध नाही तो यामुळेच. मोठे केल्याने कष्ट दिसतात, बनवणे दिसते. “डाग काढू का? रंग भरून देतो हवा तर,” असे काकांनी विचारले. नको म्हटले. कोपऱ्यातली आल्बमच्या खाचेची खूणही राहू दिली. या कार्डाचा मूळ रंग थंड, काळा-पांढरा, तकतकीत आहे. काळातून आलेले जुनेपण त्याला आहेच, त्यावर आणखी तपकिरी लेप चढवणे म्हणजे खऱ्या सुरकुत्यांवर सुरकुत्या रंगवण्यासारखे आहे.

नाव काढून टाकल्याने काय होते, ते कॅफेतल्या त्या ठेंगू माणसाच्या चित्रात सर्वांत स्पष्ट दिसते. तो हॅरी रेल्फ, रंगमंचावरचे नाव लिटल टिच. उंची साडेचार फूट, बूट अठ्ठावीस इंचांचे. त्या बुटांच्या टोकांवर तो उभा राहत असे, गुडघे न वाकवता जमिनीकडे झुकत असे आणि परत येत असे. १९०० साली पॅरिसमध्ये त्याचा हा नाच चित्रफितीवर घेतला गेला आणि तो आजही पाहता येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आले, नंतर श्वास रोखला गेला, कारण तो तोल म्हणजे शरीराचे गणित आहे. फ्रान्सने १९१० साली रंगभूमीच्या सेवेसाठी त्याचा सन्मान केला. इंग्रजीत लहानखुऱ्या माणसाला जो ‘टिच’ हा शब्द लावतात, तो त्याच्या नावावरून आलेला आहे. ज्या माणसाचे नाव भाषेत शब्द होऊन बसले, त्याचे चित्र बिननावाचे टांगले की पाहणाऱ्यासमोर काय उरते? एक ठेंगणा माणूस आणि विचित्र बूट. कलावंत जातो, शरीर तेवढे राहते, आणि लोक त्या शरीराला हसतात. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुले हसत होतीच. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी ओळख करून दिली नव्हती.

व्हेस्टा टिलीचे लष्करी वेषातले कार्डही या चित्रांच्या सेटमध्ये हमखास असते. गणवेश, टोपी, गालावर खळी. खोलीत शोभून दिसते. पहिल्या महायुद्धात तिने आणि तिच्या नवऱ्याने सैन्यभरतीच्या मोहिमा चालवल्या, तरुण तिच्या गाण्यानंतर रंगमंचावर येऊन नावे नोंदवत, आणि लोक तिला इंग्लंडची सर्वोत्तम भरती-सार्जंट म्हणत. त्या मुलांतली किती परत आली, हे तिला पुढे कधी छळले असेल का, मला ठाऊक नाही. १९२० च्या जूनमध्ये लंडनच्या कोलिसियममध्ये तिने निरोपाचा प्रयोग केला आणि त्यानंतर कधी रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. हे सारे ठाऊक असले की ते हसरे लष्करी चित्र दिवाणखान्यात लावायचे की नाही, हा प्रश्न निदान पडतो. मी लावलेले नाही.

आणि काही कार्डे तर लावूच नयेत. लंडनच्या त्या खोक्यांत गोऱ्या कलावंतांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची सोंगे घेतलेली कार्डे विपुल सापडतात. यूजीन स्ट्रॅटनसारखे अत्यंत लोकप्रिय गायक याच वेषात गाजले. ती कार्डे इतिहासाचा भाग आहेत, संग्रहालयात माहितीसह असावीत, अभ्यासली जावीत. पण त्यांची मोठी, सुबक चित्रे करून ‘जुन्या रंगभूमीची मजा’ म्हणून विकली जाताना मी पाहिली आहेत, आणि ज्या काळात आमच्या आजोबा-पणजोबांनाही त्याच नजरेने पाहिले जात होते त्या काळातली ती थट्टा भिंतीवरून माझ्याकडे पाहते तेव्हा मला ती मजा वाटत नाही.

या छायाचित्रांपैकी बहुतेकांवर आज कोणाचा मालकी हक्क उरलेला नाही. फोटो काढणारे जाऊन सत्तर वर्षे उलटली, कंपन्या बंद झाल्या. राफाएल टकची लंडनमधली इमारत तर डिसेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात मूळ चित्रांसकट जळाली. तेव्हा कोणीही कार्ड स्कॅन करावे, छापावे, विकावे, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण परवानगी विचारायला कोणी उरले नाही म्हणून नाव सांगण्याचीही गरज उरली नाही, असे मला वाटत नाही. दोन-तीन शब्दांची ती पट्टी ठेवायला खर्च काय येतो? कागदाची अर्धा इंच जागा.

आमच्या सांगलीच्या घरी माजघराच्या भिंतीवर बालगंधर्वांची एक तसबीर होती. शालू, नथ, अंबाड्यावर गजरा. पाहुणे आले की लहान मुलांना त्या तसबिरीसमोर उभे करून ‘या कोण?’ असे विचारण्याची आजोबांना हौस होती, आणि मूल ‘काकू’, ‘राणी’ असे काही बोलले की आजोबा खाली लिहिलेले नाव त्याच्याकडून मोठ्याने वाचवून घेत : नारायण श्रीपाद राजहंस. नागठाण्याचा मुलगा, आपल्या जिल्ह्यातला, हे ते प्रत्येक वेळी सांगत. मीही त्या परीक्षेला बसले होते आणि माझेही उत्तर चुकले होते. वर स्त्री, खाली पुरुषाचे नाव. लंडनच्या कार्डावर वर पुरुष, खाली ‘मिस’. नजरेची तीच फेरी मी पाच वर्षांची असताना मारलेली होती, म्हणूनच कदाचित त्या जुन्या बाजारात शेकडो कार्डांतून माझा हात त्या एका कार्डावर थांबला असावा. दोघांची कला एकच होती असे मी म्हणणार नाही. बालगंधर्वांच्या स्त्रीरूपात थट्टेला जागा नव्हती, ते रूप लोकांनी आदर्श म्हणून घरात घेतले, बायकांनी नेसण्याची तऱ्हा त्यांच्यावरून उचलली. टिलीचा पुरुष हा नेहमी किंचित चिमटा घेतलेला पुरुष आहे. परंतु भिंतीवर लावताना त्यांची ओळख पुसली की दोघांचेही सारखेच नुकसान होते.

ही माणसे आपल्याकडे अगदीच परकी होती असेही नाही. लंडनच्या गेइटी थिएटरमधली संगीत-विनोदी नाटके मॉरिस बँडमन याच्या फिरत्या कंपन्या मुंबईपर्यंत आणत असत, आणि गिरगावाजवळचे रॉयल ऑपेरा हाउस याच बँडमनने जहांगीर फ्रामजी कराका यांच्याबरोबर उभारले. तिथे पुढे बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकरही गायले. पुण्याच्या कॅफेच्या भिंतीला या चेहऱ्यांचे वावडे असण्याचे काही कारण नाही.

चित्र छापून आले ते सुती कागदावर, रंगद्रव्याच्या शाईत. फ्रेमवाल्याकडे गेले. त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, काच चित्राला टेकता कामा नये. आपल्या पावसाळ्यात काच आणि कागद यांत ओल धरली की बुरशीची नक्षी उमटते आणि मग काच सोडवताना चित्राची साल निघते. दुसरी, चौकटीत दोन खिडक्या हव्यात : डावीकडे पुढची बाजू मोठी, उजवीकडे मागची बाजू कार्डाच्या मूळ मापात, म्हणजे तिकीट, शिक्का आणि चहाच्या आधणाच्या त्या तीन ओळी दिसल्या पाहिजेत. पाठवणारीचे आणि घेणारीचे नाव मात्र मी मागच्या चित्रात झाकून घेतले. त्या दोघी रंगमंचावर आलेल्या नव्हत्या, त्यांनी आपले नाव कोणासमोर पुकारून घेतले नव्हते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आठ दिवसांनी फ्रेम आणायला गेले तर माउंटचा पुठ्ठा नेमका खालच्या पट्टीवर चढलेला. “ती अक्षरं आत घेतली, मॅडम. नुसता फोटो सुटसुटीत दिसतो,” असे फ्रेमवाला म्हणाला, आणि मला दिसले की कॅफेच्या चित्रामागेही बहुधा असाच कोणीतरी नीटनेटकेपणाची आवड असलेला, मनाने चांगला माणूस असणार. मी त्याला बोट ठेवून नाव वाचून दाखवले. त्याने वर पाहिले, खाली पाहिले, पुन्हा वर पाहिले. “बाई आहे ही?” असे म्हणून त्याने चौकट उलटी केली, मागच्या खिळ्या उपसल्या आणि नवा पुठ्ठा कापायला घेतला. त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

माझ्याजवळ आणखी एक कार्ड आहे, त्याच खोक्यातले, त्याच कंपनीचे. खलाशाच्या वेषातली एक सडपातळ व्यक्ती दोरखंडाच्या वेटोळ्यावर एक पाय ठेवून उभी आहे. अशा खलाशी-वेषासाठी टिलीसारखीच पुरुषवेषात गाणारी हेटी किंग प्रसिद्ध होती, पण हा चेहरा तिचा नाही. तिचा मी ओळखते. टिलीचाही नाही. खालची पट्टी शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी, बहुधा आल्बमच्या खाचेत बसावे म्हणून, कात्रीने कापून टाकलेली आहे. तिथे ‘मिस’ होते की ‘मिस्टर’, हेही मला सांगता येत नाही. कात्री जरा तिरकी चालल्यामुळे डाव्या टोकाला कंपनीच्या क्रमांकाचा वरचा अर्धा भाग तेवढा वाचला आहे. त्यातला शेवटचा आकडा इंग्रजी आठ असावा किंवा नऊ. दोन्हींचा माथा सारखाच दिसतो. त्याच क्रमांकाचे न कापलेले दुसरे कार्ड कुठेतरी, कोणाच्या तरी खोक्यात असणार, म्हणून सध्या मी दोन्ही क्रमांक शोधते आहे. तोपर्यंत ते कार्ड टेबलाच्या खणात, पाकिटात आहे. त्याचे मोठे चित्र मी अजून करायला टाकलेले नाही.